अधिकाचं वाण

त्या वर्षी ज्येष्ठ दोनदा आला. पंचांगात अधिक महिना निघाला आणि उन्हाळ्याला आयतीच मुदतवाढ मिळाली. कासुर्डीच्या वरच्या अंगाला वनखात्याचा माळ आहे. तिथलं गवत वैशाखातच पांढरं पडलं होतं, आता ते चपलेखाली पापडासारखं मोडत होतं. गायरानातली विहीर तळाला गेली आणि मग तळही वाळून भेगाळला.

माळावर चिंकारा हरणं राहतात. त्यांच्यासाठी खात्याने सिमेंटचे बशीसारखे उथळ पाणवठे बांधलेत. ते भरायचं काम म्हाळूशेठच्या टँकरकडे होतं. टँकर शेठचा, डिझेल शेठचं, बिलावर सही शेठची. उन्हात तो चालवायचा, जाड पाइप खांद्यावर ओढायचा आणि कुंपणाच्या गेटची किल्ली सांभाळायची, ते इक्बाल मुलाणीने. किल्ली वनरक्षक रश्मी मॅडमनी त्याच्या हातात दिली होती. "मुलाणी, ही तुमच्या जबाबदारीवर. शेठच्या नाही, तुमच्या," असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. खात्याच्या माणसाने आपल्याला अहो-जाहो केलं, हेच त्याने घरी दोनदा सांगितलं.

मॅडमना ठाऊक नव्हती अशी एक गोष्ट होती. टँकर माळावर चढला की इक्बाल लांब हॉर्न द्यायचा. मग ओढ्यात जिथे कुंपणाची जाळी वाकली आहे, तिथून रखमाजीआबा आपली मेंढरं आत घ्यायचे आणि पाणवठ्यावर पाजायचे. आबांच्या घरातले सगळे आता शेतीला लागलेले, पोरगा बिरदेव शिक्रापूरला कंपनीत. मेंढरं काढा म्हणून तो बापाच्या मागे लागला होता आणि म्हातारा ऐकत नव्हता. वनाच्या हद्दीत मेंढरं घालणं गुन्हा. पण जीव तहानलेला बघून पाइप आवरून घेणं इक्बालला जमत नव्हतं. चार महिने हे चाललं, आणि त्या हॉर्नला हरणंही सरावली. गाडी थांबायच्या आत ती बोरीच्या झुडपांतून बाहेर येऊन उभी राहायची, शेपट्या हलवत, घाई झालेल्या गिऱ्हाइकासारखी.

हे कौतुक इक्बालने एकदा म्हाळूशेठला सांगितलं होतं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या दुपारी तो शेठच्या विहिरीवर टँकर भरत होता. घरातून पुरणाचा वास येत होता. शेठची लेक आणि जावई धोंडे खायला आले होते. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, त्याच्या पाया पडायचं आणि वर वाण द्यायचं. कुणी अंगठी देतं, कुणी चांदीचं ताट देतं.

"इक्बाल, मोटर बंद कर. जावईबापू बोलावत्यात," शेठ ओसरीतून ओरडले.

जावयाचं नाव उदयराज. राहणार शिक्रापूर. त्याच्या वडिलांच्या जमिनीवर पूर्वी ज्वारी यायची, आता खोल्या आल्या होत्या, आणि खोल्यांत कंपनीचे कामगार भाड्याने. म्हणजे करायला काही नाही आणि खिसा भरलेला. नवा सदरा घालून, कपाळाला गंध लावून तो कोचावर रेलला होता. हातात मोबाईल.

"बस," शेठ म्हणाले. बसायला काही नव्हतं, तेव्हा इक्बाल उंबऱ्याशी उकिडवा बसला. त्याची विजार टँकरच्या पाण्याने गुडघ्यापर्यंत भिजली होती. शेठच्या लेकीने फरशीकडे पाहिलं. तो जरा मागे सरकला.

उदयराजने मोबाईल त्याच्यापुढे धरला. परदेशातला मोठा माळ, पिवळं गवत, आणि त्यात पोटावर झोपलेला एक गोरा माणूस.

"बघ. तिकडं सरकारी रान सगळ्यांना मोकळं. परवाना काढायचा आन् आत शिरायचं. पहिलं हरीण पाडलं की फोटो काढत्यात, मानूस रडतो बग आनंदानं. आपल्याकडं काय सरकारी रान न्हाई? हाय की. फकस्त आत जायचं कसं, तेवढाच सवाल."

इक्बालला कळलं. तरी तो न कळल्यासारखा बसून राहिला.

"तुझ्या टँकरला हरणं बुजत न्हाईत म्हनं?"

"पानी मिळतं म्हनून येत्यात, साहेब."

"मग झालं तर. मी केबिनात बसतो. लांबनं कुणी बघितलं तर काय दिसंल? टँकर दिसंल."

"साहेब, चिंकारा हाय तो. जेल होती त्याला."

"कुणाला?" उदयराज हसला. "आन् कापायला बी बाहेर जायला नको. मुलाण्याशिवाय आपल्यात बकरं कापत न्हाईत. हरणाला मुलाणी नको व्हय?"

आतल्या बायका हसल्या. इक्बालही थोडासा हसला, हसावं लागतं म्हणून. त्याच्या आजाने गावाच्या जत्रेतली बकरी कापली, बापाने कापली. इक्बालला रक्त बघवत नसे. घरची कोंबडीसुद्धा तो यवतच्या दुकानातून कापून आणायचा आणि पिशवी हातात लांब धरायचा. हे गावाला माहीत होतं आणि त्यावरून चेष्टाही व्हायची. पण नाव मुलाणीच होतं.

शेठ त्याच्याबरोबर विहिरीपर्यंत आले. शेठ काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"एवढ्या येळंला, इक्बाल. पोरीचा संसार हाय. सोनं न्हाई मागितलं त्यांनी, गाडी न्हाई मागितली. अधिकाचा महिना, जावयाला न्हाई म्हनता येतं का?"

"पुण्याचा महिना हाय ना, शेठ?"

"त्येच की," शेठ म्हणाले. टोमणा त्यांना लागलाच नाही.

*

घरी आल्यावर इक्बाल ताटावर नुसताच बसून राहिला. बायको तहमीनाने ताटातली भाकरी तशीच पाहिली आणि सासूकडे पाहिलं. सुलतानबी तांदूळ निवडत होती. तिचे डोळे अधू झाले होते, खडे ती बोटांनी ओळखायची.

"तोंड का उतरलंय रं?"

त्याने सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेला की तहमीनाला पुढे वाकावं लागलं. सुलतानबीची बोटं थांबली.

"हरीण कुणी मारलं आसं कुणी इचारनार न्हाई," ती म्हणाली. "किल्ली कुणाकडं व्हती, इचारत्याल. टँकर कुणी नेला, इचारत्याल. आन् मुलाणी कोन, ते तर इचारायची बी गरज न्हाई. आपल्याकडं बोट दाखवायला येळ लागत न्हाई, बाळा."

"अम्मी, पुरे," तहमीना म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "मॅडमला फोन लावा की."

"काय सांगू? आजून झालंय काय? शेठ म्हनतील, मी असं बोललोच न्हाई. मग काम बी जाईल आन् खोटारडा बी ठरंन."

"मग आजारी पडा."

ते त्याला पटलं. भित्र्या माणसाला सोपं ते लगेच पटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने निरोप धाडला, अंगात ताप आहे. भर उकाड्यात चादर ओढून तो आत पडून राहिला. घामाने उशी भिजली. थोड्या वेळाने दारात मोटरसायकल वाजली आणि शेठ स्वतः आत आले. तहमीनाने पदर सावरून पाण्याचा तांब्या ठेवला, त्याला शेठनी हात लावला नाही.

"झोप तू. आराम कर. नुसती किल्ली दे. उद्या सकाळी जावईबापू टँकर चालवतील. मॅडम उद्या दौंडला मीटिंगला जानार हायत, मी माहिती काढलीया."

इक्बालने चादर बाजूला केली. किल्ली दिली तर? हरीण पडणार ते पडणारच. मॅडम येणार, कुलूप बघणार आणि विचारणार, मुलाणी, किल्ली कुठे होती? आपण घरात झोपलो होतो हे कोण मानणार, अम्मी आणि तहमीना? आणि दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती. उदयराज हॉर्न देणार. हॉर्न ऐकून ओढ्यातून आबा येणार. बंदुकीसमोर हरणं आणि हरणांच्या मागे आबा. शेठला हे सांगायचं तर मेंढरांची गोष्ट सांगावी लागणार, आणि शेठच्या तोंडातून ती खात्यात जाणार. आपण स्टिअरिंगवर असलो तर निदान हॉर्न तरी वाजणार नाही.

"येतो मी," तो म्हणाला. "उद्या मीच नेतो."

"ताप?"

"उतरला."

शेठनी एकदा त्याच्याकडे, एकदा तहमीनाकडे पाहिलं आणि तांब्या उचलून तोंडाला लावला.

*

ऊन कलल्यावर तो आबांच्या वस्तीवर गेला. आबा मेंढरं घेऊन अजून परतले नव्हते. बयाबाई, त्यांची बायको, दारात बसून लोकर विंचरत होती. तिने हातानेच बस म्हणून खुणावलं. वाटेत इक्बालने सांगायचं सगळं मनात जुळवून आणलं होतं. शिक्रापूरचा पाहुणा, बंदूक, उद्या येऊ नका. पण बयाबाईच्या पोटात गोष्ट राहत नाही हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. ती शेजारणीला बोलली, शेजारीण नवऱ्याला बोलली, की रात्रीपर्यंत शेठच्या कानावर.

"मावशी, आबांना सांगा, उद्या पान्याला येऊ नका म्हनावं. टँकर मोडलाय."

"आरं देवा! काय मोडलं?"

"इंजिनातलं काम हाय. दोन दिस लागत्याल."

"सांगते की. मग मेंढरं काय पित्याल रं?"

"बगू," तो म्हणाला आणि लगेच उठला. चहा ठेवते म्हणाली तरी थांबला नाही. खोटं बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि आपल्याला हलकं वाटतंय याचीच मग भीती वाटली.

*

सकाळी उजाडलं तेव्हाच हवा तापलेली होती. केबिनमध्ये तिघे दाटीवाटीने बसले. स्टिअरिंगवर इक्बाल, मधे म्हाळूशेठ, खिडकीशी उदयराज. बंदूक गोणपाटात गुंडाळलेली होती आणि तिचं तोंड शेठच्या पायाशी होतं. शेठ पाय आखडून बसले होते. उदयराजने अत्तर लावलं होतं. डिझेल, घाम आणि अत्तर, इक्बालने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.

गेटपाशी तो खाली उतरला. कुलपात किल्ली जाईना. किल्ली तीच होती, हात तो नव्हता. साखळी खळ्ळ करून पडली तेव्हा त्याने चारी बाजूंना पाहिलं. माळ मोकळा होता. लांब महामार्गावरून ट्रक चालले होते, त्यांचा आवाज इथपर्यंत येत नव्हता.

पाणवठ्याजवळ त्याने गाडी उभी केली, हॉर्न न देता. पाणवठा कोरडा होता, तळाला हिरवा चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. उदयराजने गोणपाट सोडलं आणि नळी खिडकीच्या काठावर टेकवली. बराच वेळ झाला. झुडपांतून एकही कान दिसला नाही.

"कुठंयत?" उदयराज कुजबुजला.

"आज दिसत न्हाईत, साहेब. कवा कवा वरच्या अंगाला जात्यात." इक्बालच्या जिवात थोडा जीव आला. असंच ऊन चढलं तर पाहुणा कंटाळेल. घरी जाऊन धोंडे खाईल.

शेठना वाटलं आपण जावयाच्या कामी यावं. त्या सकाळी तोंडातून निघालेलं ते त्यांचं पहिलंच वाक्य होतं.

"तू हॉर्न देतोस ना रोज? गावात ऐकू येतो की."

"आज नको, शेठ."

"का नको?" उदयराजने मान वळवली. "दे."

इक्बालने हात मांडीवर ठेवले. तो देणार नव्हता. जन्मात कधी त्याने शेठची गोष्ट अशी नाकारली नव्हती आणि आताही तो नाकारत होता असं नाही, नुसते हात उचलत नव्हते. उदयराजने शेठच्या अंगावरून हात लांबवला आणि हॉर्न दाबून धरला. तो आवाज ओढा उतरून पलीकडे गेला.

आणि हरणं आली. पहिल्यांदा एक मादी, मग तिच्या मागे पाय न पेलणारं पाडस, मग दोन-तीन आणखी. कोरड्या पाणवठ्याशी येऊन त्यांनी टँकरकडे पाहिलं. पाइप अजून का काढत नाही, एवढंच त्यांना पडलं होतं. उदयराजचा श्वास मोठ्याने वाजू लागला. त्याची पहिलीच शिकार होती. नळीचं टोक इकडून तिकडे हलत होतं.

इक्बाल हरणांकडे बघत नव्हता. तो त्यांच्या मागे, ओढ्याकडे बघत होता. तिथे धूळ उठली होती. थोडीच, पण मेंढरांची धूळ त्याला कळत होती. आबांनी निरोप ऐकला असेल आणि मग हॉर्न ऐकला असेल. टँकर दुरुस्त झाला म्हणून खूश होऊन मेंढरं हाकली असतील.

"साहेब, थांबा. मागं मानूस हाय."

"गप!"

"मानूस हाय, साहेब. आबा हायत."

"कुठला आबा? गप बस, बुजतील."

शेठही शूऽ म्हणाले. जाळीच्या वाकल्या जागेतून पहिलं मेंढरू आत आलं, आणि त्याच्या वर तांबडा पटका दिसला.

आपण दार कधी उघडलं ते इक्बालला पुढे कधीच आठवलं नाही. त्याला आठवत होते ते पाय. चिखलात रुतल्यासारखे ते जड झाले होते आणि तरी चालत होते. टँकरच्या तोंडापुढून तो निघाला, बंदुकीच्या समोर आला आणि सरळ हरणांकडे चालत गेला. पाठीवरची कातडी आक्रसली होती. मागून शिव्या येत होत्या. हरणं हलली नाहीत. पाणी देणारा माणूस आपल्याकडे येतोय, मग कशाला हलतील? पाडस तर एक पाऊल पुढेच आलं. इक्बालला रडू फुटलं. रडतच तो ओरडला.

"आबाऽ! माघारी फिराऽ! खाली बसाऽ!"

हरणं उधळली. त्याच क्षणी मागे बार झाला. उदयराजने नेम धरून झाडला की बोट सरकलं, ते देव जाणे. छर्रे इक्बालच्या उजवीकडे मातीत गेले आणि खडे त्याच्या पोटरीवर उडाले. कान बंद झाले. समोर आबा आडवे पडलेले होते. त्याला वाटलं, गेले. मग आबांनी मान वर केली. त्यांनी टँकर पाहिला, खिडकीतली नळी पाहिली, आणि मग इक्बालकडे पाहिलं. इक्बाल हात पसरून त्यांच्याकडे धावत होता. आबा उठले, पटका तिथेच टाकून, मेंढरं जाळीतून बाहेर रेटत पळाले. म्हातारा माणूस, पडत, उठत पळाला.

ते आपल्याला भिऊन पळतायत, हे इक्बालला तेव्हा समजलं नाही.

उदयराजने खाली उतरून त्याच्या कानशिलात मारली. कान आधीच वाजत होता, त्यामुळे आवाज आला नाही, नुसता गाल तापला. "आयुष्यात एकदा संधी आली व्हती," असं काहीतरी तो म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. शेठ मधे पडले, पण जावयाला धरायला नव्हे, इक्बालला बाजूला करायला. मग त्यांनी टँकरची चावी काढून घेतली.

"उद्यापासनं येऊ नगंस. आन् तोंड उघडायच्या आधी इचार कर. गेट तुझ्या किल्लीनं उघडलंय."

"शेठ, पानी तरी सोडून जा. टाकी भरलेली हाय."

ते न ऐकता निघाले. गेट उघडंच होतं. इक्बालने आबांचा पटका उचलून झटकला, साखळी लावली, कुलूप घातलं आणि चालत घरी गेला. तहमीनाने त्याच्या गालावरची बोटं पाहिली. तिने विचारलं, "पडलं का हरीण?" त्याने मान हलवून नाही म्हटलं. तिने त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि सुलतानबी पुटपुटत दुवा मागू लागली. घरात त्या दोघींना वाटलं, संकट टळलं.

*

दुपारी तो पटका घेऊन वस्तीवर गेला. आबांना लागलं नाही ना, एवढंच बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, कुणीतरी पाठीवर हात ठेवावा असंही त्याला वाटत होतं.

बयाबाई दारात उभी राहिली. रोज बाजूला सरकून वाट देणारी बाई आज चौकट अडवून उभी होती.

"घरात न्हाईत ते."

आतून खोकला आला. बयाबाईने मान खाली घातली. थोड्या वेळाने आबा बाहेर आले. कोपर खरचटलं होतं, त्यावर हळद दाबली होती. उघड्या डोक्याने ते फार म्हातारे दिसत होते.

"आबा, लागलं न्हाई ना जास्त?"

"लांबनंच बोल."

इक्बाल अंगणात थांबला. पटका त्याने ओट्याच्या कडेला ठेवला. आबांनी तो उचलला नाही.

"मी कुणाला सांगनार न्हाई, इक्बाल," आबा म्हणाले. "तुझ्या आज्ज्यानं आमच्या देवाची बकरी कापली. तुझ्या घराचं वाईट मी करनार न्हाई. तू भिऊ नगं. पर आता हिकडं येऊ बी नगं."

"आबा, मी तुमच्यासाठी खाली उतरलो. तुमच्या आन् बंदुकीच्या मधी आलो मी."

"बंदूक तुझ्या टँकरात व्हती. हॉर्न तुझ्या टँकरानं दिला. आन् टँकर मोडलाय, येऊ नगा, हे बी तूच सांगून गेलास हिला. का सांगितलंस? कुणी बघाय नको म्हनूनच ना? मी आडानी हाय, पर एवढं जुळवता येतंय मला."

एकही गोष्ट खोटी नव्हती. अम्मीला भीती होती ती मॅडमची, पोलिसांची. त्यांची गरजच पडली नाही. त्याचं नाव इथेच लागून गेलं होतं, ज्याच्यासाठी तो बंदुकीपुढे चालत गेला त्याच्याच तोंडून. आणि आबा ते प्रेमाने पोटात घालायला तयार होते. सकाळची थप्पड त्याला लागली नव्हती, ही लागली.

"मग सांगा, आबा," तो म्हणाला. "मॅडमला सांगा. जे दिसलं ते समदं सांगा, माझं बी सांगा. चला, मी नेतो."

आबा एकदम मागे सरले. "न्हाई, न्हाई. मेंढरं आत व्हती माझी. केस व्हईल. बिरदेवला कळलं तर दुसऱ्या दिशी बाजारात नेऊन इकंल. माझं नाव घेऊ नगंस, इक्बाल."

बयाबाई पुढे आली आणि तिने त्याला हात जोडले. ज्या हातांनी इतके दिवस चहा दिला, ते हात. "नाव घेऊ नगंस रं बाबा. तुझ्या पाया पडते."

"मावशी, हात खाली घ्या," तो म्हणाला. तिने घेतले नाहीत. तो वळून अंगणाबाहेर जाईपर्यंत ती तशीच उभी होती.

*

रश्मी मॅडमची चौकी रोपवाटिकेच्या कडेला होती. त्या नुकत्याच दौंडहून आल्या होत्या, गाडीची धूळ अंगावर होती, नळाखाली तोंड धूत होत्या. इक्बालने वाटेत तीनदा परतायचा विचार केला होता. एकदा तर तो खरंच वळलाही होता. तहमीनाला त्याने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने दार लावून घेतलं असतं आणि तो आनंदाने आत बसला असता.

त्याने किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. शेठ, जावई, धोंडे, टँकर, बार. मॅडम पदराने नव्हे, खाकी बाहीने तोंड पुसत ऐकत होत्या.

"तुम्ही आधी का नाही आलात?"

"भ्यालो, मॅडम."

"आणि आता?"

"आता बी भ्यालोय."

मॅडमनी नळ बंद केला. "तुमच्याशिवाय हे कुणी पाहिलं?"

इक्बालने रोपांकडे पाहिलं. काळ्या पिशव्यांत कडुनिंबाची रोपं रांगेने उभी होती आणि त्यांच्यावर पाणी झिरपत होतं.

"कुणी न्हाई."

"मुलाणी, पाणवठ्याशी मेंढरांच्या लेंड्या आहेत. मी परवाच पाहिल्यात."

"पानी मीच पाजलं. मेंढरं कुणाची ते ठावं न्हाई."

त्या भागात आता एकच कळप उरला होता आणि तो कुणाचा हे मॅडमना माहीत नसेल, असं काही नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, सुजलेल्या गालाकडे पाहिलं.

"साक्षीदार नसेल तर ते सरळ म्हणतील, शिकार करायला तुम्हीच गेला होता. किल्ली तुमची, टँकरवर तुम्ही. पहिलं नाव तुमचं येईल. मी काही करू शकणार नाही. कळतंय ना? अजून मी वर कळवलेलं नाही."

कळत होतं. त्या त्याला वाट मोकळी करून देत होत्या. किल्ली उचलून घरी जायचं, एवढंच. आबा बोलणार नव्हते, शेठ बोलणार नव्हते, आणि तो जन्मभर सगळ्यांनी सांभाळून घेतलेला माणूस म्हणून गावात राहिला असता. पुढचा जावई, पुढचा महिना, आणि पाइपची वाट बघत उभं राहिलेलं ते पाडस.

"कळवा," तो म्हणाला. "आन् आज पानी न्हाई सोडलेलं, मॅडम. कुणाला तरी पाठवून ते आधी सोडा."

मॅडमनी फोन लावला. इथे रेंज धरत नव्हती, त्या उठून कट्ट्याच्या टोकाला गेल्या. "सर, कासुर्डीच्या माळावर गोळीबार झालाय. हो. चिंकारा. नाही, वाचले. माहिती खात्रीची आहे." मग त्यांनी फोन छातीशी धरला आणि मान वळवली.

"कोण सांगतंय, विचारतायत."

इक्बालने आपलं नाव सांगितलं. ते कुजबुजल्यासारखंच निघालं. मॅडम तशाच थांबून राहिल्या. तो त्यांच्याजवळ गेला आणि त्याने ते फोनमध्ये पलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा सांगितलं.